आपला धूर आपणच तपासणारे इंजिन

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता आमच्या नववीच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने आम्हांस एक प्रश्न विचारला. त्याचे वडील इंदापूर तालुक्यातील एका वाडीवरून रोज पहाटे मोटारसायकलीवर दुधाचे कॅन लादून बारामतीस येतात. दोनतीन आठवड्यांपूर्वी त्या गाडीच्या मीटरावर इंजिनाच्या आकृतीचा एक पिवळा दिवा लागला, तो विझेना. गाडी चालत होती. परंतु पेट्रोल पूर्वीहून जास्त लागू लागले व सायलेन्सरातून येणाऱ्या वासाने मागे बसणाऱ्याचे डोळे चुरचुरू लागले. रस्त्यावरील एका मिस्त्रीने सांगितले की, "दिव्याकडे कशाला पाहता? त्याची वायरच काढून टाकतो, म्हणजे घोर मिटला." तेव्हा मुलाने आम्हांस विचारले, "सर, दिवा विझवला म्हणजे बिघाड गेला काय? आणि आपल्यात काही बिघडले आहे, हे इंजिनास मुळात कळते तरी कसे?"

तेवढ्यात तासाची घंटा झाली व उत्तर अर्धेच राहिले. ते येथे पुरे करावे, म्हणजे त्या मुलाबरोबरच ज्यांच्या दारात मोटारसायकल, रिक्षा अथवा ट्रॅक्टर उभा आहे अशा सर्व घरांस त्याचा थोडाबहुत उपयोग होईल, असे मनात आणून हे चार शब्द लिहीत आहो.

प्रथम एका ओळखीच्या जागी जाऊ. आपल्या भागातील गुऱ्हाळ पुष्कळांनी पाहिले असेल. काहिलीत रस उकळत असतो आणि खाली चुलाणात एक गडी वाळलेली चिपाडे सारीत असतो. त्याचे एक लक्ष जाळाकडे व एक लक्ष धुराड्याकडे असते. धुराड्यातून काळाकुट्ट लोट निघाला की तो ओळखतो की, जळण फार झाले, हवा कमी पडली. मग तो हात आखडता घेतो. धूर अगदी दिसेनासा होऊन रसाची उकळी मंदावली की तो पुन्हा चिपाडे सारतो. त्यास रसायनशास्त्र शिकविलेले नसते. परंतु 'बाहेर पडलेला धूर पाहून आत घालावयाचे जळण ठरवावे' हा मोठा सिद्धांत तो रोज आचरीत असतो. आजच्या इंजिनात जी नवी विद्या आली आहे, तिचे मर्म याहून निराळे नाही.

आता इंजिनाच्या पोटात काय घडते ते पाहू. सिलिंडरात पेट्रोलची वाफ व हवा यांचे मिश्रण ओढले जाते, पिस्टन ते दाबतो, प्लगची ठिणगी पडते, मिश्रण पेटते, आणि तापून फुगलेल्या वायूच्या जोराने पिस्टन खाली ढकलला जातो. एक किलो पेट्रोल पुरतेपणी जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. मापाच्या भाषेत बोलावयाचे तर, एक लिटर पेट्रोल जाळण्यास सुमारे नऊ हजार लिटर हवा इंजिनास गिळावी लागते. पंपावर आपण पेट्रोलचे पैसे देतो. हवा फुकट मिळते, म्हणून तिचा हिशेब कोणी ठेवीत नाही. पण इंजिनाचे आरोग्य या दोहोंच्या प्रमाणावरच अवलंबून आहे.

हे प्रमाण बिघडले तर काय होते? हवा कमी पडल्यास जळण अर्धवट राहते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू उत्पन्न होतो. त्यास रंग नाही, वास नाही. तो रक्तातील हिमोग्लोबिनास चिकटून बसतो व प्राणवायूची वाट अडवितो. त्याबरोबरच न जळलेले इंधनही बाहेर पडते. उलट हवा जास्त झाल्यास इंजिन अडखळते व अतिशय तापते. आणि जेथे उष्णता फार तेथे हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग होऊन नायट्रोजनची ऑक्साइडे बनतात. ही फुप्फुसांस अपाय करितात आणि उन्हात त्यांच्यापासून जमिनीलगतचा ओझोन तयार होतो. म्हणजे अलीकडे आड व पलीकडे विहीर, आणि मधून जाणारी वाट अतिशय अरुंद!

पूर्वीच्या इंजिनास ही वाट दिसतच नसे. १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली, आणि पुढे वीज वाडीवस्तीवर पोहोचेपर्यंत ऑइल इंजिनानेच महाराष्ट्रातील असंख्य विहिरींचे पाणी उपसले. वडीलधाऱ्या मंडळींस त्याचा ठेका अजून आठवत असेल. त्या इंजिनावर गव्हर्नर नावाची एक युक्ती असे. इंजिनाबरोबर फिरणारी दोन वजने वेग वाढला की बाहेर फेकली जात व डिझेलचा पुरवठा कमी करीत. वेग उतरला की आत येत व पुरवठा वाढवीत. ही युक्ती उत्तम खरी, परंतु तिला कळे तो केवळ वेग. आत जळण पुरते जळले की काळा धूर होऊन वाया गेले, याची तिला दाद नसे. ते काम माणसाच्या डोळ्यांवर व कानांवर सोपविलेले होते.

पेट्रोलच्या गाडीत हेच काम कार्ब्युरेटर करी. पितळी जेटच्या बारीक छिद्रातून पेट्रोल येई व आत शिरणाऱ्या हवेच्या ओघाने खेचले जाई. मिस्त्री पेचकसाने स्क्रू फिरवून, कान देऊन, प्रमाण बसवून देई. परंतु डिसेंबरातील पहाटे १० अंश उष्णतामानाची हवा मे महिन्यातील ४० अंशांच्या हवेहून सुमारे एक दशांशाने दाट असते. स्क्रू मात्र एकदा बसविला तेथेच राहतो! हिवाळ्यात बसविलेले माप उन्हाळ्यात चुकणार, आणि चुकले हे कार्ब्युरेटरास कळण्याचा काही मार्ग नाही. सांगितलेले काम तो इमानाने करी. पण त्याचे फळ काय झाले हे पाहण्यास त्यास डोळेच नव्हते.

हे डोळे १९७६ साली मिळाले. जर्मनीतील बॉश कंपनीने तयार केलेला ऑक्सिजन सेन्सर त्या साली स्वीडनच्या व्होल्वो गाडीत प्रथम बसविण्यात आला. यास लॅम्डा सेन्सर असेही म्हणतात. तो दिसावयास प्लगसारखाच असतो, परंतु त्याची जागा सिलिंडराच्या डोक्यावर नसून धूर जाण्याच्या नळीत असते. त्याच्या टोकाशी झिर्कोनिया नावाच्या चिनी मातीसारख्या पदार्थाची, अंगुस्तानाच्या आकाराची एक लहानशी टोपी असते. टोपीच्या आतबाहेर प्लॅटिनमचा सच्छिद्र मुलामा दिलेला असतो. बाहेरून तिला इंजिनाचा धूर लागतो व आतून आपली नेहमीची हवा. झिर्कोनियाची मौज अशी की, सुमारे ३०० अंशांच्या वर तापला म्हणजे तो ऑक्सिजनच्या विद्युत्भारित कणांस आपल्या अंगातून जाऊ देतो. आतल्या हवेत ऑक्सिजन भरपूर आणि बाहेरच्या धुरात कमी असला, तर दोन्ही बाजूंमध्ये विजेचा दाब उत्पन्न होतो. हा दाब किती असेल हे सांगणारे समीकरण वाल्थर नर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ साली मांडले होते. शास्त्राचे बी पेरल्यापासून मोटारीच्या नळीत त्यास फळ येईपर्यंत ८७ वर्षे लोटली, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

धुरात ऑक्सिजन उरलेला नसेल, म्हणजे पेट्रोल जास्त झाले असेल, तर सेन्सर सुमारे ०.९ व्होल्ट दाखवितो. ऑक्सिजन उरला असेल, म्हणजे पेट्रोल कमी पडले असेल, तर तो ०.१ व्होल्टच्या आसपास उतरतो. बरोबर प्रमाणाच्या जागी हा आकडा एकदम उडी घेतो. घड्याळातील दीड व्होल्टच्या सेलहूनही हा विजेचा दाब कमी. परंतु निरोप मात्र स्पष्ट असतो: 'जास्त झाले' अथवा 'कमी पडले'.

हा निरोप ईसीयू नावाच्या लहानशा संगणकाकडे जातो. पेट्रोल आत सोडणारा इंजेक्टर म्हणजे विजेने उघडझाप करणारी एक तोटी होय. ती एका खेपेस काही सहस्रांश सेकंदच उघडी राहते. सेन्सरने 'जास्त' म्हटले की ईसीयू ही मुदत किंचित कमी करितो, 'कमी' म्हटले की किंचित वाढवितो. अशा रीतीने प्रमाण बरोबर रेषेच्या जरा अलीकडे, जरा पलीकडे हेलकावत राहते व सरासरीने रेषेवरच राहते. तराजू धरलेला वाणी एक चिमूट घालतो, एक चिमूट काढतो, तसलाच हा प्रकार. मात्र गाडी चालू असेतो त्यास विसावा नाही.

एवढ्या काटेकोरपणाचे कारण काय, असे कोणी विचारील. सायलेन्सराच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाचा एक डबा असतो. त्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या बारीक नळ्या असून त्यांवर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अत्यल्प लेप असतो. वर सांगितलेल्या तिन्ही विषारी पदार्थांचे तो पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड व नायट्रोजन यांत रूपांतर करितो. परंतु तिघांचा एकदम बंदोबस्त तो तेव्हाच करू शकतो, जेव्हा हवा व इंधन यांचे प्रमाण त्या अरुंद वाटेवर असते. वाट सुटली की तिघांतील एक ना एक निसटतो.

ऑक्सिजन सेन्सराच्या जोडीला इतरही पहारेकरी असतात. इंजिनाच्या मुख्य दांड्यावर दात्यांचे एक चाक असते व त्यातील दातांची एक जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली असते. जवळ बसविलेला सेन्सर दाते मोजतो, आणि रिकामी जागा आली की पिस्टन कोठे आहे हे ईसीयूस कळते. मिनिटास ३००० फेरे घेणारे इंजिन सेकंदास ५० फेरे घेते, आणि चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांस एकदा म्हणजे सेकंदास २५ वेळा ठिणगी पडावी लागते. या वेगाने दांडा एक अंश फिरण्यास सेकंदाचा १८ हजारावा भाग लागतो, आणि ठिणगी अमुक अंशावरच पडली पाहिजे! याखेरीज आत येणाऱ्या हवेचा दाब व उष्णतामान, इंजिनाची उष्णता, आणि चालकाने मूठ किती पिळली आहे हे सांगणारे निराळे सेन्सर असतात. कित्येक मोटारगाड्यांत इंजिनाच्या अंगास एक 'कान'ही जोडलेला असतो. मिश्रण ठिणगीने लागलेल्या ज्वाळेची वाट न पाहता भलत्याच ठिकाणी आपोआप पेटले की धातूवर ठोका पडल्यासारखा आवाज होतो व पिस्टनास इजा पोहोचते. दाबले असता वीज उत्पन्न करणारा स्फटिक हा ठोका ऐकतो, आणि ईसीयू पुढील ठिणगी थोडी उशिरा पाडतो. स्फटिकाचा हा गुण प्येर क्युरी व त्यांचे बंधू जाक यांनी १८८० साली शोधून काढला.

आपल्या देशात दुचाकींत ही सर्व व्यवस्था सर्रास आली ती १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ या नियमांमुळे. पुण्यास १९६६ साली स्थापन झालेली ए.आर.ए.आय. ही संस्था गाड्यांच्या धुराची अशा नियमांप्रमाणे परीक्षा घेते. खुद्द बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओ कंपनीचा कारखाना आहे. तेथे १९९९ पासून आपे ही तीनचाकी व २०१२ पासून व्हेस्पा स्कूटर तयार होते. नव्या नियमांबरोबर व्हेस्पातही कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्टर आला.

आता आपल्या शेतांशी या विषयाचा जो संबंध आहे, तो सांगतो. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर बारामती-इंदापूरचा ऊस पोसला जातो व तो माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर इत्यादी ठिकाणच्या सहकारी कारखान्यांत जातो. साखर निघाल्यावर जी मळी उरते, ती यीस्टच्या साहाय्याने आंबवून व ऊर्ध्वपातन करून तिच्यापासून अल्कोहोल काढितात. त्यातील पाणी जवळजवळ नाहीसे केले म्हणजे इंधनाचे इथेनॉल मिळते. ते उसाच्या रसापासूनही करिता येते. माळेगाव व सोमेश्वरनगर येथील कारखान्यांस अशा डिस्टिलऱ्या जोडलेल्या आहेत. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा सरकारी कार्यक्रम २००३ साली सुरू झाला. २०२२ साली हे प्रमाण शेकडा १० झाले, आणि २०२५ साली शेकडा २० वर पोहोचले. ज्या उसास आपण पाणी दिले, त्याचाच अंश आपल्या गाडीच्या टाकीत येऊ लागला.

परंतु इथेनॉलच्या अंगी मुळातच ऑक्सिजन असतो. त्यामुळे एक किलो इथेनॉल जाळण्यास १४.७ नव्हे, तर सुमारे ९ किलोच हवा पुरते. शेकडा २० मिश्रणाचा हिशेब केला तर प्रमाण सुमारे साडेतेरावर येते. जुन्या कार्ब्युरेटरास यातले काही कळत नाही. तो पूर्वीच्याच मापाने इंधन देत राहतो व मिश्रणात हवा आठनऊ टक्क्यांनी जास्त होते. ऑक्सिजन सेन्सर असलेले इंजिन मात्र धुरात उरलेला ऑक्सिजन पाहून आपण होऊन इंजेक्टराची मुदत वाढविते. टाकीत काय ओतले हे त्यास कोणी सांगितलेले नसते. ते आपल्या धुरावरून ताडते.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. सेन्सर प्रमाण सुधारील, पण इंधनाची शक्ती वाढवू शकणार नाही. एक लिटर इथेनॉलात एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश इतकीच उष्णता असते. म्हणून शेकडा २० मिश्रणात शुद्ध पेट्रोलच्या मानाने सुमारे सात टक्के उष्णता कमी भरते, व गाडी लिटरामागे थोडी कमी चालणे साहजिक आहे. इथेनॉलचा गुण असा की त्यामुळे वर सांगितलेला ठोका कमी होतो, आणि त्यास अनुसरून बांधलेले इंजिन या गुणाचा फायदा घेऊ शकते. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या व वॉशर यांवर मात्र नजर ठेवावी.

डिझेलची तऱ्हा थोडी निराळी आहे. त्यात ठिणगी नसते. अतिशय दाबलेल्या तप्त हवेत डिझेलचा फवारा पडताच ते पेटते, आणि हवा गरजेहून नेहमी जास्तच ठेवलेली असते. तेथे ईसीयू मुख्यतः फवारा केव्हा, किती व किती खेपांत सोडावा हे ठरवितो. कॉमन रेल पद्धतीत डिझेलचा दाब वातावरणाच्या दीड ते दोन हजार पट असतो, आणि मोठ्या फवाऱ्याच्या आधी एक लहानसा फवारा सोडल्याने इंजिनाचा खडखडाट पुष्कळ कमी होतो. ५० अश्वशक्तीहून मोठ्या नव्या ट्रॅक्टरांस २०२३ पासून अधिक कडक नियम लागू झाले आहेत. परंतु ऊस ओढणारे कित्येक जुने ट्रॅक्टर अजून यांत्रिक पंपावरच चालतात. तेथे नोझल व एअर फिल्टर वेळच्या वेळी स्वच्छ करणे व काळा धूर दिसताच दखल घेणे, हे काम आजही मालकाच्याच डोळ्यांचे आहे.

आता त्या पिवळ्या दिव्याकडे वळू. ईसीयू आपल्या प्रत्येक सेन्सराचे निरोप संभवनीय आहेत की नाहीत हे तपासत असतो. एखाद्याचा निरोप येईनासा झाला अथवा अशक्य आकडा येऊ लागला की तो त्याची नोंद स्मृतीत करितो, दिवा लावितो, आणि अंदाजाच्या ठराविक मापावर इंजिन चालवितो. गाडी बंद पडू नये म्हणून हे माप बहुधा जरा सढळ असते. म्हणजे इंजिन चालते, पण डोळे बांधून चालते! पेट्रोल जास्त लागते, धुराचा वास येतो, आणि न जळलेले इंधन कन्व्हर्टरात जाऊन जळू लागले तर तो महागडा डबाच तापून निकामी होण्याचा संभव असतो. दिव्याची वायर तोडणे म्हणजे तापाचे मूळ न शोधता थर्मामीटर फोडण्यासारखे आहे.

आमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी वायर तोडू दिली नाही. दुसऱ्या एका मिस्त्रीने गाडीस स्कॅनर जोडून ईसीयूमधील नोंद वाचली. ती ऑक्सिजन सेन्सराकडे बोट दाखवीत होती. शोध करिता आढळले की, गोठ्याशेजारी उभ्या केलेल्या गाडीतील त्या सेन्सराची वायर उंदराने कुरतडली होती. वायर सांधून वर आवरण चढविताच दिवा विझला, व आठवड्याभरात पेट्रोलचा खर्चही पूर्वपदावर आला. सेन्सर बिचारा शाबूत होता. त्याचा निरोप मात्र पोहोचत नव्हता.

यावरून पालकांनी इतके करावे: दिवा लागून राहिल्यास त्याकडे दुर्लक्ष करू नये, सेन्सर अथवा कन्व्हर्टर काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये, आणि ज्याच्याजवळ नोंद वाचण्याचे साधन आहे, अशाच मिस्त्रीकडे गाडी न्यावी. आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी गॅरेजचा धंदा आहे, हे आम्हांस ठाऊक आहे. वडिलांच्या कानास जे कसब आहे त्याचा मान ठेवा, ते शिका. पण त्याच्या जोडीला व्होल्टमापक वाचण्यास, रसायनशास्त्रातील समीकरण जुळविण्यास व वायरींचा नकाशा पाहण्यास शिका. पुढील मिस्त्रीस या दोन्ही विद्या लागणार आहेत.

जुने व नवे इंजिन यांतील भेद नवे अधिक बलवान आहे एवढाच नव्हे. चुका दोघांच्याही हातून होतात. नवे इंजिन प्रत्येक क्षणी मागे वळून आपल्या कामाचे फळ पाहते, चूक कबूल करिते आणि पुढच्याच खेपेस ती सुधारते. आणि जेव्हा स्वतःस सुधारता येत नाही, तेव्हा दिवा लावून दुसऱ्याची मदत मागते. परीक्षेच्या उत्तरपत्रिका परत मिळाल्यावर केवळ गुण पाहून त्या दप्तरात कोंबणाऱ्या आमच्या काही मित्रांनी या लहानशा सेन्सराकडून एवढे शिकले, तरी हा लेख लिहिण्याचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.